पेनसिल्व्हेनिया आणि आमचा वॉर्ड

आमच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्राचा पेपर एकच असे. त्यात सगळा मान इतिहासाला. सर लढाया हातवारे करून शिकवत आणि वर्ष संपत आलं की नागरिकशास्त्राची उत्तरं फळ्यावर लिहून देत. वर्गातल्या बहुतेकांना तो विषय कोरडा वाटायचा. मला आवडायचा, कारण त्याची उत्तरं नेमकी असत. पाठ केली की मार्क मिळत, आणि आमच्या घरी मला शिकवू शकेल असं कोणी नव्हतं. वडिलांचं तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानातल्या बाकावर बसून मी मोठ्यानं पाठ करत असे: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, यांपैकी कोणीही शिरजोर होऊ नये म्हणून ती एकमेकांवर अंकुश ठेवतात, उदाहरणार्थ अमेरिका. गिऱ्हाईक आलं की वडील म्हणत, "जरा हळू, पोरी. माणसाला वाटेल सभा चाललीय."

त्या घरातली मी पहिली पदवीधर. पुढे पुणे, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, लग्न, आणि नवऱ्याच्या कामामुळे इंग्लंडमधलं रीडिंग. मुलगी तेव्हा नर्सरीत जाण्याएवढी होती. आजही कुणी माझं शिक्षण विचारलं तर उत्तर देताना माझी पाठ आपोआप ताठ होते. त्यामुळे मुलीनं ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, पॉलिटिक्स विषय घेतला तेव्हा मला जो आनंद झाला तो तिला जरा जास्तच वाटला. "आई, तू पेढे नको वाटूस प्लीज," ती म्हणाली.

तिच्या अभ्यासक्रमात एक अख्खा पेपर अमेरिकेवर होता. मी पुस्तक उघडलं तर आत माझीच उत्तरं. आमच्याकडे पाऊण पानात उरकलेला अंकुश इथे मोठं प्रकरण होऊन बसला होता. मला जुनं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तिच्या कोर्सच्या पहिल्याच वर्षी अमेरिकेत निवडणूक होती. त्यात आमच्या घरी अमेरिकेच्या निवडणुकीचं वेड आधीपासूनच. नवऱ्याचे कॉलेजचे निम्मे मित्र तिकडे गेलेले. त्यांच्या ग्रुपवर जे चालतं ते ह्यांच्या डोक्यात चालतं. पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्या काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, मोजणी उशिरा येते, कुठल्या काउंटीतले कारखाने बंद पडले, हे त्यांना तोंडपाठ. जेवताना टीव्हीवर तो नकाशा लाल-निळा होत असायचा आणि आमटी गार होत असायची.

"अहो, तिथे आपलं कोण उभं आहे?" मी विचारायचे.

"अगं, तिथे जे ठरतं ते सगळ्या जगाला निस्तरावं लागतं."

सुरुवातीला बापलेक सोफ्यावर चिवड्याची वाटी मधे ठेवून हे सगळं बघायचे. ती त्यांना नियम समजावून सांगायची, ते तिला काउंट्या सांगायचे. मला ते दृश्य आवडायचं. पण निवडणूक झाली तरी बातम्या संपल्या नाहीत, आणि वर्षभरात त्या बातम्यांनी मुलीचा चेहरा बदलला. नवऱ्याचं चॅनेल एका बाजूचं होतं, त्यामुळे त्यांना निदान दुसरी बाजू चोर आहे एवढी खात्री होती. तिच्या फोनवर दोन्ही बाजू येत. हे म्हणत ते चोर, ते म्हणत हे. मोजणी खोटी, न्यायाधीश विकलेले, वर्तमानपत्रं विकलेली. दोघांचंही रोज ऐकणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं शेवटी दोघांवरही विश्वास ठेवला, आणि तिच्या लेखी सगळेच चोर झाले.

ती बोलायची कमी झाली. कुठलाही विषय काढला की तिचं एकच वाक्य: "पॉइंट काय आहे?" भाजी कापतानाही मला ते ऐकू येऊ लागलं.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत सराव परीक्षा झाली आणि तिच्या पॉलिटिक्सच्या सरांनी आम्हाला शाळेत बोलावलं. सर मवाळ, कोपरांवर विरलेल्या स्वेटरचे. त्यांनी तिची उत्तरपत्रिका आमच्यासमोर ठेवली. अमेरिकेतली अंकुशाची व्यवस्था कितपत काम करते, असा मोठ्या निबंधाचा प्रश्न होता. तिनं एकच वाक्य लिहून बाकीची पानं कोरी सोडली होती. वाक्याचा अर्थ असा की, हा प्रश्न ज्या देशाबद्दल आहे तो देश मला बातम्यांत कुठे दिसत नाही, म्हणून मी उत्तर देऊ शकत नाही.

"वाक्य उत्तम आहे," सर म्हणाले. "दुर्दैवानं त्याला मार्क देता येत नाहीत."

मग त्यांनी विचारलं की, लीड्सच्या युनिव्हर्सिटीनं तिला पॉलिटिक्ससाठी देऊ केलेली जागा ती नाकारणार आहे, हे आम्हाला ठाऊक आहे ना. आम्हाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं मान अशी हलवली की ठाऊक आहे असंही वाटावं.

गाडीत बसल्यावर मी मागच्या सीटवरच्या मुलीकडे वळले.

"सांगितलं नाहीस."

"काय सांगणार, आई? तीन वर्षं फी भरून खोटं शिकायचं?"

"मग काय करणार?"

"जॉब. कुठला पण. सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरीन. निदान शेल्फ खरा असतो."

तिचं मराठी असंच आहे. कशाला तो आणि कशाला ती, याचा भरवसा नाही. मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे, आणि त्या दिवशी तर सुचलंही नसतं. ती अभ्यासात कच्ची असती तर मला मार्ग माहीत होता: शिकवणी लावायची, सोबत बसायचं, सकाळी उठवायचं. पैसे नसते तरी मार्ग माहीत होता. आमच्या घराण्यात शिक्षण कुणाला मिळालं नाही ते या दोन कारणांनी. हातात आलेली जागा, ते खोटं आहे म्हणून, कुणी परत केली नव्हती. या दुखण्याला काय देतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी आपलं मला येतं ते केलं. तिचं पुस्तक घेऊन सकाळी चहाबरोबर वाचायला लागले आणि नाश्त्याला तिला ऐकवायला लागले. राष्ट्राध्यक्षानं नकाराधिकार वापरला तरी काँग्रेसला तो मोडून काढता येतो, वगैरे.

"आई, ते पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे म्हणजे कुणीतरी विचार करूनच—"

"तू हे शाळेत पाठ केलंस. तुला ते खरं वाटलं होतं का?"

मी खरंच आठवून पाहिलं. खरं की खोटं असा प्रश्न त्या बाकावर कधी आलाच नव्हता. "मला मार्क मिळाले," मी म्हणाले. ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

नवऱ्यानं त्यांच्या परीनं त्याग केला. घरात बातम्या बंद, असं जाहीर करून टीव्हीचा रिमोट टॉवेलांच्या कपाटात ठेवला. मग ते फोन घेऊन बाथरूममध्ये जास्त वेळ बसू लागले. "बाबा," ती बाहेरून ओरडायची, "टॉयलेटमधून पेनसिल्व्हेनिया कसा दिसतोय?" त्यातल्या त्यात तेवढाच विनोद घरात शिल्लक होता.

असं करत मार्च उजाडला. मे महिन्यात आमच्या कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक होती. दर वर्षी त्या सुमारास वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते दारोदार फिरतात, छातीला रंगीत फिती लावून, हातात पत्रकं घेऊन. आमच्याकडे कोणीही आलं तरी दार नवरा उघडतो आणि दर वर्षी एकच संवाद होतो. त्या शनिवारी एक वयस्कर बाई आणि एक तरुण मुलगा आला. बाहेर भुरभुर पाऊस. बाईंनी, तुम्ही आम्हाला मत देण्याचा विचार कराल का, असं विचारलं.

"सॉरी," नवरा म्हणाला, "आम्ही ब्रिटिश सिटिझन नाही. आम्हाला मत नाही. तुमचा वेळ वाया जायला नको म्हणून आधीच सांगतो."

बाई म्हणाल्या, काही हरकत नाही. नवऱ्यानं त्यांना पाणी विचारलं, त्या मुलाला बुटाची नाडी बांधायला आत घेतलं, दोघांना शुभेच्छा दिल्या आणि दार लावलं. आम्ही दोघांनी कायमचं राहण्याची परवानगी घेतली आहे, पण पासपोर्ट भारतीयच ठेवले आहेत, मुलीचाही तोच. त्यामुळे या संवादाचा मला नेहमी अभिमानच वाटे. कुणी विचारलं नसतानाही आपण खरं सांगतो.

मुलगी जिन्यावर बसली होती.

"बाबा, तू आत्ता काय सांगितलंस त्यांना?"

"जे आहे ते."

"पण आपल्याला वोट आहे."

"कुणाला?"

"आपल्याला. तिघांना. आपण कॉमनवेल्थवाले आहोत. इंडियन पासपोर्ट आणि इथे राहायचा परमिशन असेल तर वोट देता येतो. कौन्सिलला पण, पार्लमेंटला पण. माझा रजिस्ट्रेशन शाळेतून झाला पण."

नवरा बुटांच्या स्टँडला टेकला. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले होते, ती तिथेच थांबले.

"म्हणजे इतकी वर्षं," ते सावकाश म्हणाले, "मी दारात आलेल्या माणसांना परत पाठवत होतो?"

"हो. पाणी देऊन."

आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग जिन्याच्या कठड्याला डोकं लावून. कितीतरी महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. नवऱ्याला ते लागलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"बाबा, तुला पेनसिल्व्हेनियाची प्रत्येक काउंटी माहीत आहे. आपल्या वॉर्डचं नाव सांग."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं.

"आई? नागरिकशास्त्रात टॉप होतीस ना?"

"आमच्या पुस्तकात हे नव्हतं," मी म्हणाले, आणि ती पुन्हा हसत पायरीवर आडवीच झाली.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

ती पायमोज्याशी चाळा करत म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे, आणि तरी तुम्ही देत नाही. बाबा दिवसभर डेमोक्रसी डेमोक्रसी करतो, आणि इथे समोरच्या चर्चच्या हॉलमध्ये वोट द्यायला जात नाही. मला वाटलं, सगळे असेच असतात. बोलायचं एक, करायचं दुसरं. म्हणजे टीव्हीवरचे पण तसे, आणि घरातले पण तसेच."

तिच्याकडे सगळं खोटं असल्याचा जो पुरावा जमत होता, त्यात आमचाही कागद होता. पण त्याच क्षणी एक मोठं ओझं खालीही उतरलं, कारण तो पुरावा चुकीचा होता. आम्ही ढोंगी नव्हतो, अडाणी होतो. तिच्या दृष्टीनं हे फारच बरं निघालं.

"आम्हाला खरंच माहीत नव्हतं गं," नवरा म्हणाला. एरवी त्यांना अमुक माहीत नाही हे कबूल करायला दोन दिवस लागतात.

"ते कळलं आता," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उठली.

त्याच दुपारी तिनं लॅपटॉपवर आमची दोघांची नावं नोंदवली. चहा निवायच्या आत झालं. त्यानंतर नवरा धास्तावला. सरकारी संकेतस्थळावरचा नियम त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. "उद्या कुणी म्हणालं, ह्या परदेशी लोकांनी बेकायदा मत दिलं, तर? आपली राहायची परवानगी जाईल. तिकडे काय चाललंय बघतेस ना?"

"ते तिकडे आहे, बाबा. तिकडे सिटिझन नसलेल्यांना नाही चालत, इकडे आपल्याला चालतं. हा वेगळा देश आहे. आपण इथे राहतो."

शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. नवरा ते बराच वेळ चघळत बसला.

मग पत्रकं वाचण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आधी ती पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर थेट कागदाच्या कचऱ्यात जात. आता जेवणाच्या टेबलावर त्यांची रांग लागली. कचऱ्याचे डबे आठवड्यानं उचलायचे की पंधरवड्यानं. शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग. खड्डे.

"एवढंच?" नवऱ्याला धक्का बसला. "यात देशाचं काही नाहीच?"

"बाबा, वॉर्ड आहे हा. तुला अणुबॉम्ब पाहिजे का?"

पण हळूहळू त्यांना गोडी लागली. कारण डब्यांवर त्यांची मतं होती. पेनसिल्व्हेनियाबद्दल ते जे बोलत ते कुणाकडून तरी ऐकलेलं असे. डब्यांचं त्यांनी स्वतः सोसलेलं होतं. ते शेजाऱ्यांशी बोलले. एक उमेदवार पुन्हा दारात आला तेव्हा त्याला दारातच इतका वेळ उभं केलं की शेवटी त्या बिचाऱ्यानंच पाणी मागितलं.

मतदानाच्या दिवशी आम्ही तिघं संध्याकाळी त्या चर्चच्या हॉलमध्ये गेलो. लहान मुलांची खेळणी एका भिंतीशी सरकवून ठेवली होती. रांग वगैरे काही नाही. बाहेर खांबाला कुणाचा तरी कुत्रा बांधलेला. माझी शेवटची आठवण आमच्या गावातली, तालुक्याच्या शाळेत, बायकांची वेगळी रांग, पोलीस, आणि मत दिल्यावर यंत्राचा तो लांब आवाज. इथे टेबलामागच्या बाईंनी माझा निळा पासपोर्ट उघडला, चेहरा पाहिला, यादीत नाव शोधून पट्टीनं रेघ मारली आणि मतपत्रिका पुढे केली. मी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली.

बाईंनी बोटाकडे पाहिलं. मग बोट जिकडे होतं तिकडे वळून पाहिलं. मागे फक्त खेळण्यातलं स्वयंपाकघर होतं.

"आई," मुलगी कुजबुजली, "हात खाली."

"शाई—"

"शाई नसते. हात खाली."

आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल होती. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "पेन्सिल? ही तर खोडता येईल." बाई हसून म्हणाल्या, स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं. नवऱ्याच्या खिशाला पेन असतंच. त्यांनी आपल्या पेननं फुली मारली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि घडी करून पेटीत टाकली. परतताना तिघांची चाल जरा वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी मोजणी होती, आणि मुलगी मोजायला जाणार होती. कौन्सिलला मोजणीसाठी माणसं हवी आहेत, अठरा पूर्ण असलेल्यांनी अर्ज करा, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. गाडी शिकायला पैसे लागतात, म्हणून तिनं अर्ज केला होता. आणखी काही कारण असेल तर ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सकाळी मी तिला खेळांच्या मोठ्या हॉलपाशी सोडलं. दुपारी आणायला गेले तेव्हा ती बाहेर पायऱ्यांवर बसून सँडविच खात होती. गाडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली,

"आई, इतकं बोरिंग होतं."

पण ती ते अशा सुरात म्हणाली, जसं कुणी पोटभर जेवून आल्यावर जेवणाबद्दल सांगावं.

मग सगळी वाटभर ती बोलत होती. लांब टेबलं, दोन्ही बाजूंनी माणसं. एका बाजूला मोजणारे, समोर हाताची घडी घालून उभे असलेले उमेदवार आणि त्यांची माणसं. ते बोटांकडे बघत राहतात, हात मात्र लावू शकत नाहीत. तिच्या हातून एक मतपत्रिका खाली पडली तर तीन पक्षांचे तीन जण एकदमच म्हणाले, खाली पडलंय. तिच्या शेजारी एक रिटायर्ड बाई होत्या, वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या. त्यांनी तिला रबर बँड न तोडता गठ्ठ्याला कसा घालायचा ते दाखवलं.

"आणि एका माणसानं फुलीऐवजी स्मायली काढला होता. चौकटीत, असा हसरा चेहरा. ते मत धरायचं की नाही ते ठरेना. मग मोठा ऑफिसर आला, सगळ्या पार्टीचे लोक आले, आणि सगळे त्या कागदावर वाकले. सूट घातलेले मोठे लोक, आई. सिरियसली. या माणसाला काय म्हणायचं असेल, याचा विचार करत होते. कोण तो, कुणाला माहीत नाही. कदाचित टाइमपास केला असेल त्यानं. तरी."

"मग?"

"धरलं. त्याच चौकटीत काढला होता म्हणून. ज्याचं नुकसान झालं त्या पार्टीची बाई पण म्हणाली, फेअर इनफ."

आमच्या वॉर्डात बरीच वर्षं निवडून येणारे म्हातारे गृहस्थ या वेळी पडले. जिंकलेल्या तरुणीशी त्यांनी हात मिळवला आणि मग प्रत्येक टेबलापाशी जाऊन मोजणाऱ्यांचे आभार मानले. "मला पण थँक यू म्हटलं. त्याचा सीट गेला ते मीच मोजलं ना. आणि तो मला थँक यू म्हणतो."

सिग्नलला गाडी थांबली. ती काचेतून बाहेर पाहत होती.

"तिकडे पण असेच असतील ना, आई? पेनसिल्व्हेनियात. कुठल्यातरी हॉलमध्ये, रबर बँड लावत. अशाच रिटायर्ड बायका. त्यांना कोणी दाखवत नाही."

"दाखवलं तर बघणार कोण?"

"एग्झॅक्टली. बोरिंग आहे ना."

मला विचारल्याशिवाय राहवेना. "म्हणजे आता तुला सगळं ठीक वाटतं?"

"नाही गं. तिकडे बरंच काही मोडतंय. ते मी बघते रोज. पण मोडतंय म्हणजे आधी काहीतरी आहे ना. नुसतं खोटं असता तर मोडला नसता." मग ती म्हणाली, "हिरवा झाला, आई. चल."

संध्याकाळी नवरा जरा उदास होता. त्यांनी ज्याला मत दिलं होतं तो तिसरा आला होता. "आयुष्यात इथलं पहिलं मत, तेही वाया."

"वाया नाही गेलं, बाबा," ती ताटातला भात कालवत म्हणाली. "मोजलं आम्ही. मी होते तिथे."

त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्या शनिवार-रविवारी ती खोलीत दार लावून बसली. कोरा सोडलेला तो निबंध तिनं पुन्हा लिहिला आणि सरांना पाठवला. सरांनी तो मला दाखवला नाही, तिनंही नाही. सरांचा मला फक्त एक छोटासा निरोप आला: निबंध लांब झाला आहे, चिडलेला आहे, आणि त्याला मार्क देता येतात. तो निरोप मी नवऱ्याला वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग उठून टॉवेलांच्या कपाटातून रिमोट काढला, थोडा वेळ हातात धरला, आणि मुलीला विचारलं, लावू का. ती म्हणाली, "लाव, पण जेवण झाल्यावर. आणि आधी आपल्या इथल्या बातम्या." आता ते असंच चाललं आहे. ओरडणारे दोघं आले की ती आवाज बंद करते आणि विचारते, हा नक्की काय सांगतोय, याला कुठून कळलं. नवऱ्याला याचा त्रास होतो. मला नाही.

लीड्सबद्दल मात्र मी शब्द काढला नव्हता. होकार कळवायची मुदत जवळ येत होती हे मला माहीत होतं. नवऱ्यालाही होतं. आम्ही दोघं त्या विषयाभोवती, झोपलेल्या मुलाच्या पाळण्याजवळून जावं तसे, पाय न वाजवता फिरत होतो. मी एवढंच स्वतःला बजावलं होतं की ती नाही म्हणाली तर भांडायचं नाही. बजावलं होतं, जमलं असतं की नाही, देव जाणे.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मी घरून काम करत होते. ऑफिसची मीटिंग चालू, माझा आवाज बंद, समोरच्या खिडक्यांत नेहमीचे चेहरे. ती उजळणीच्या कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन दारात आली.

"आई, हॉलमध्ये कुकर चालतो का?"

"कुठल्या हॉलमध्ये?"

"राहायच्या. लीड्सला. त्यांच्या वेबसाइटवर टोस्टरचं लिहिलंय, कुकरचं नाही लिहिलं."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"हो म्हटलं मी त्यांना," ती म्हणाली. "सकाळीच. तू लगेच रडू नकोस, ग्रेड यायचे आहेत अजून."

"मी कुठे रडतेय. शिट्टी ऐकून लोक आग लागली म्हणून खाली धावतील."

"मग छोटा दे. एका शिट्टीवाला."

असा कुकर नसतो, हे मी सांगणार तोवर ती जिना चढून वर गेली होती. वरून कार्डं जमिनीवर पसरल्याचा आवाज आला. मी डोळे पुसून मीटिंगकडे वळले. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला काहीतरी मान्य आहे का, असं कुणीतरी विचारत होतं. काय, ते मी ऐकलं नव्हतं. मी आवाज चालू केला आणि म्हणाले, "हो, आहे."